रोज एक छायाचित्र, रोज एक प्रार्थना



पावसाळा आला की आपल्या सांगलीत एक प्रश्न रोज सकाळी विचारला जातो : "आयर्विनला पाणी किती?" चहाच्या टपरीवर, भाजी मंडईत, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, सगळीकडे हाच प्रश्न. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळच्या पाण्याचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो आणि आता तर पुलाचे छायाचित्र रोज सकाळी आपल्या मोबाईलवर येऊन पडते. कालचे आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवून आपण पाहतो, पाणी चढले की उतरले?

असे पाहण्याला कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर आपण विसरलेलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. ब्रह्मनाळची बोट उलटली आणि पुरातून सुटू पाहणारी माणसे पुरातच गेली. पाणी ओसरल्यावर कित्येक घरांत चिखलातून लग्नाचे, बाप्तिस्म्याचे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे अल्बम निघाले. एकमेकांना चिकटलेली ती छायाचित्रे उन्हात वाळत घातलेली आपण पाहिली आहेत. म्हणून पावसाळ्यात आपण नदीकडे रोज पाहतो.

पण सप्टेंबर उजाडतो, पाऊस मागे हटू लागतो, पाणी पात्रात जाते आणि तो प्रश्न कोणी विचारत नाही. नदी तीच, पूल तोच, आपणही तेच. फक्त भीती गेली आणि भीतीबरोबर आपले पाहणेही गेले. आजच्या चिंतनाचा विषय हाच आहे. जे आपण भीतीपोटी करतो ते आपण प्रेमापोटी करू शकू का? संकटात रोज पाहणारे आपले डोळे, देव सुख देतो तेव्हा का मिटतात?

येत्या १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ पाळते. १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून १९८९ साली ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या कुलगुरूंनी ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तो कॅथोलिक ख्रिस्तसभेसाठीही जाहीर केला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. मधले दिवस मोजले तर ३४ होतात. आपल्याकडे हेच दिवस वर्षा ऋतू संपून शरद लागण्याचे. या ३४ दिवसांसाठी आपण एक साधी गोष्ट सुचवत आहोत. रोज एकाच जागी, एकाच वेळी उभे राहून एकच छायाचित्र घ्यायचे. आपल्या खिडकीतून, गच्चीवरून, शेताच्या बांधावरून, कुठूनही. ते घेऊन झाले की तिथेच उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणायची. एवढेच.

कोणी म्हणेल, यात धर्म कुठे आला? थोडा विचार करू या.

पहिली गोष्ट, रोज. इस्राएल लोक अरण्यातून चालले होते तेव्हा देवाने त्यांना मान्ना दिला (निर्गम १६). तो रोज सकाळी वेचायचा आणि त्या दिवसापुरताच. उद्याचा साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट. प्रभू येशूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. रोजच्या छायाचित्राचेही असेच आहे. उद्याचे छायाचित्र आज घेता येत नाही आणि कालचे राहून गेले तर ते आज भरून काढता येत नाही. आठवडाभराच्या प्रार्थना रविवारी एकदम म्हणून टाकणाऱ्यांना ही सवय खूप काही शिकवील.

अमेरिकेत न्यूयॉर्कला जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक छायाचित्रकार होता. ३१ मार्च १९७९ पासून त्याने पोलरॉइड कॅमेऱ्याने रोज एकच छायाचित्र घ्यायचा नेम धरला. अठरा वर्षांहून अधिक काळ तो चालला. सहा हजारांवर छायाचित्रे झाली. त्यांत मित्र आहेत, जेवणाची ताटे आहेत, रस्ते आहेत, अगदी क्षुल्लक वाटाव्यात अशा गोष्टी आहेत. पुढे त्याला कर्करोग झाला. रुग्णालयातले दिवसही त्यात आले. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी तो वारला आणि छायाचित्रांची मालिका त्याच दिवशी थांबली. त्यातला कोणता दिवस महत्त्वाचा ठरणार हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्यालाही ठाऊक नसते. स्तोत्रकर्ता आपले दिवस मोजण्याचे शहाणपण देवाकडे मागतो (स्तोत्र ९०). मोजायचे म्हणजे बोटांवर गणती करायची असे नव्हे, प्रत्येक दिवस हातात घेऊन पाहायचा.

दुसरी गोष्ट, तीच जागा. दर सप्टेंबरात आपल्यापैकी अनेक जण साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुले पाहायला जातात. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यांत कास आहे. तिथे आठ-पंधरा दिवसांत पठाराचा रंग बदलतो. जरूर जावे. देवाच्या हातची ती कारागिरी आहे. पण देव फक्त कासला रंग बदलतो असे नाही. आपल्या दारातही तो बदलतोच, आपण थांबून पाहत नाही म्हणून दिसत नाही.

३४ दिवस एकाच खिडकीतून पाहा. कृष्णेचे गढूळ तांबडे पाणी हळूहळू निवळत जाईल. काठावरचा गाळ वाळून त्याला भेगा पडतील आणि त्या भेगांतून गवत उगवेल. तेरडा येईल आणि जाईल. झेंडूला कळ्या धरतील. संध्याकाळी साडेसहाला छायाचित्र घेत असाल तर पहिल्या दिवशी त्यात ऊन असेल आणि चौतिसाव्या दिवशी दिवेलागण झालेली असेल, कारण एवढ्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे लवकर मावळू लागतो. एका दिवसाचा फरक मिनिटापेक्षाही कमी, तो कोणालाच जाणवत नाही. महिन्याचा फरक मात्र कोणालाही नाकारता येत नाही.

देवाची कृपा आपल्या जीवनात बहुधा अशीच काम करते. संत मार्क एक चमत्कार सांगतात (मार्क ८:२२-२६). बेथसैदा येथे प्रभूने एका आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. त्याला दिसू लागले, पण अंधूक. माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. प्रभूने पुन्हा हात ठेवले तेव्हा त्याला सारे स्पष्ट दिसले. प्रभूला एका स्पर्शात त्याला बरे करता आले नसते का? आले असते. पण बहुतेकांची दृष्टी एका दिवसात येत नाही, हे त्याला आपल्याला दाखवायचे असावे. ज्या घरात दारू सुटावी म्हणून एखादी माऊली वर्षानुवर्षे जपमाळ करते, ज्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत, तिथे रोज पाहिले तर काहीच बदललेले दिसत नाही. धीर खचतो. अशा वेळी मागचे दिवस एकत्र ठेवून पाहावे. प्रभूचा हात दुसऱ्यांदा ठेवला जात आहे, हे तेव्हा कळते.

या दिवसांत आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. तिला आपण ऑक्टोबर छाटणी म्हणतो. तासगाव, कवठेमहांकाळकडचे आपले बांधव हे चांगले जाणतात. छाटणीच्या दिवशी बागेचे छायाचित्र घेतले तर पाहणाऱ्याला वाटेल की बाग मेली. नुसत्या काड्या आणि तारा. पण दहा-बारा दिवसांनी त्याच जागेवरून पाहा, काडीला डोळे फुटलेले असतात. आपल्या शेतकऱ्याने अंकुराला डोळा हे नाव किती योग्य दिले आहे! पिता माळी आहे आणि फळ देणारी फांदीही तो छाटतो, असे प्रभू सांगतो (योहान १५:१-२). ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झाला, नोकरी गेली, पुरात पीक गेले, त्यांनी छाटणीच्या दिवसाचे छायाचित्र शेवटचे समजू नये. त्यानंतरचे दिवसही देवाच्याच हातात आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छायाचित्रात कोण येते? संत लूक श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला सांगतात (लूक १६:१९-३१). उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात 'क' वर्षी हे शुभवर्तमान सप्टेंबरच्या अखेरीसच येते. लाजरस दूर कुठे नव्हता, तो त्या श्रीमंताच्या दरवाजाशीच पडलेला होता. श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. दाखल्यात त्याचा दोष एवढाच दिसतो की रोज त्या दारातून जाऊन-येऊनही लाजरस त्याला दिसला नाही. दिसला तो मेल्यानंतर आणि तेव्हा दोघांच्या मध्ये मोठी दरी पडलेली होती. बंधू-भगिनींनो, हा दाखला भीतिदायक आहे. जे डोळे जिवंतपणी उघडले नाहीत ते मरणानंतर उघडले आणि तेव्हा काहीच करता आले नाही.

दसरा झाला की आपल्या भागात ऊसतोड कामगार येऊ लागतात. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ही कुटुंबे येतात. काल मोकळ्या असलेल्या रानात आज कोप्या उभ्या राहतात. त्यांची लहान मुले शाळा सोडून बरोबर आलेली असतात. बायका पहाटे, अंधारात फडावर जातात. आपल्या रोजच्या छायाचित्रात एके दिवशी त्या कोप्या आल्या, तर ते देवाने आपल्या दारात आणून ठेवलेले छायाचित्र आहे. तिथे पाणी कुठून येते, आजारी मुलाला कोणी दवाखान्यात नेते का, एवढे विचारायला आपण जाऊ शकतो.

आणि लाजरस कधी घरातच असतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले आजोबा रोज छायाचित्रात येतील. पहिल्या आठवड्यात ताठ बसलेले, चौथ्या आठवड्यात थोडे वाकलेले. आईचा हात काठीवर जास्त टेकू लागलेला दिसेल. रोज एका घरात राहूनही हे आपल्या लक्षात येत नाही. मग एक दिवस आपण म्हणतो, "एकाएकी गेली." एकाएकी कोणीच जात नाही. ती रोज थोडी थोडी जात होती. पाहायला वेळ आहे तो आज आहे.

यात काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. ही छायाचित्रे मिरवण्यासाठी नाहीत. प्रार्थना, दान आणि उपवास गुप्तपणे करा, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ६:१-१८), तोच नियम इथेही. गरिबाचे, आजाऱ्याचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. पुराच्या वेळी मदत घेणाऱ्यांना हातात पिशवी धरून उभे केले जाते आणि त्यांची मान खाली गेलेली दिसते. तसे आपल्या हातून होऊ नये. मदत आधी, कॅमेरा नंतर, आणि बहुतेक वेळा कॅमेरा नकोच. मिस्साच्या वेळी तर मोबाईल बंदच असावा. वेदीवर जे घडते ते डोळ्यांनी नव्हे, श्रद्धेने पाहायचे असते.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, त्यांनी वहीत रोज एक ओळ लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी तिथे दोन मिनिटे उभे राहून नुसते पाहावे. संत इग्नेशियस यांनी रोज दिवसाचा आढावा घेण्याची साधना शिकवली. रात्री झोपण्यापूर्वी ते छायाचित्र समोर ठेवून कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत. आज देवाने काय दिले? आज कोण दिसले? कोणाला पाहून आपण पुढे गेलो? मग एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावी. मुलांना हे फार आवडेल आणि बरेचदा मोठ्यांच्या आधी त्यांनाच दिसेल.

शेवटी, ज्या संताच्या सणाला हे ३४ दिवस संपतात त्याची आठवण करू या. संत फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास सृष्टीचे स्तुतिगीत रचले. त्यात त्याने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटले. ते रचले तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. डोळ्यांच्या आजारामुळे त्याला उजेडही सहन होत नव्हता. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी तो प्रभूकडे गेला. ज्याला सूर्य पाहवत नव्हता त्याने सूर्यासाठी देवाची स्तुती केली, कारण डोळे चांगले होते तेव्हा त्याने रोज पाहिले होते, रोज आभार मानले होते, आणि महारोग्याला पाहून तो पुढे निघून गेला नव्हता. आपले डोळे अजून शाबूत आहेत.

पुराच्या पाण्यावर नजर ठेवायला ज्याने आपल्याला शिकवले, तो प्रभू ओसरलेल्या पाण्याकडे, उमलत्या डोळ्याकडे आणि दारातल्या लाजरसाकडे पाहण्याचीही कृपा आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला देवो. मरियामाता आपल्यासाठी विनंती करो.

आमेन.