दुरुस्तीचा खर्च कोणीं द्यावा?

मोठ्या अपघातांत काय करावें याविषयीं फारसा संदेह पडत नाहीं. तेथें वैद्य, पोलीस आणि न्यायालय हेच पुढें होतात. खरी पंचाईत होते ती लहान अपघातांत. कोणास इजा झालेली नसते. केवळ मोटारीच्या दारास पोचा पडलेला असतो आणि रंग खरवडलेला असतो. अशा वेळीं सुशिक्षित मनुष्याच्या मनांत दोन विचार उठतात. एवढ्याशासाठीं पेढीच्या पायऱ्या कोण झिजवणार, हा एक. आणि माझी चूक नसतां भुर्दंड मीं कां सोसावा, हा दुसरा. यांपैकीं पहिला विचार औदार्याचा व दुसरा कृपणपणाचा, असें आपण सहसा समजतों. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

एक उदाहरण घेऊं. पुण्यांतील एखाद्या जुन्या पेठेंतल्या अरुंद गल्लींत एका व्यापारी पेढीचा टेम्पो माल उतरवून मागें घेतला जात आहे, आणि तो बाजूस उभ्या असलेल्या मोटारीवर आदळतो. चालक खालीं उतरून हात जोडतो. मोटारीचा मालक सौम्य स्वभावाचा असेल, तर त्यास सोडून देतो. तापट असेल, तर त्याच्या खिशांत असतील नसतील तेवढ्या नोटा काढून घेतो. माझ्या मतें दोघांच्याही दृष्टींत एकच दोष आहे. दोघांनाही समोर उभा असलेला मनुष्य तेवढा दिसतो. ज्याच्या कामासाठीं टेम्पो त्या गल्लींत शिरला, तो धनी कोणासच दिसत नाहीं.

नोकराच्या चुकीबद्दल धन्यास जबाबदार धरणें ही कल्पना इंग्रजी कायद्यानें आपल्याकडे आणली, असा पुष्कळांचा समज आहे. मनुस्मृतींतील अनेक विधानें आज आपणांस मान्य होणार नाहींत. परंतु तिच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघाताविषयीं जे नियम आहेत, ते या प्रश्नापुरते मननीय आहेत. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, अथवा बाजूस व्हा म्हणून सारथ्यानें ओरडून सांगितलें, तर दंड नाहीं. सारथ्याच्या अकौशल्यामुळें गाडी भलतीकडे जाऊन हानि झाली, तर धन्यास २०० चा दंड. सारथी कुशल असूनही प्रमाद घडला, तर दंड सारथ्यास. अडाणी सारथी नेमणें हाच धन्याचा अपराध, असा याचा आशय दिसतो.

अर्वाचीन कायदा याच्याही पुढें जातो. चालक निष्णात असला तरी, धन्याचें काम करीत असतां त्याच्या निष्काळजीपणानें झालेल्या नुकसानीस धनी जबाबदार होतो. यामागील न्याय उघड आहे. धंद्याचा नफा ज्याच्या पदरांत पडतो, त्यानेंच त्या धंद्यांतील धोक्याचें ओझें उचलावें. फेऱ्या किती व्हाव्यात आणि माल केव्हां पोहोंचावा, हें पेढी ठरविते. विमाही तीच उतरविते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थाच्या नुकसानीसाठीं विमा सक्तीचा केलेला आहे. चालकाजवळ महिन्याच्या पगाराखेरीज दुसरें कांहीं नसतें.

म्हणून पेढीकडे खर्च मागणें यांत कमीपणा नाहीं. परंतु प्रश्न येथें संपत नाहीं. पेढीनें दिलेली रक्कम अखेर कोणाच्या खिशांतून येते?

१९४९ सालीं इंग्लंडांत एक लॉरीचालक लॉरी मागें घेत असतां, मदतनीस म्हणून बरोबर आलेल्या त्याच्या स्वतःच्या वडिलांसच तिचा धक्का लागला. वडिलांनीं पेढीकडून भरपाई मिळविली. ती विमा कंपनीनें भरली. आणि मग त्याच कंपनीनें पेढीच्या नांवें मुलावर दावा लावून ती रक्कम परत मागितली. १९५७ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं मुलाविरुद्ध निकाल दिला. पुढें मात्र तेथील विमा कंपन्यांनींच आपसांत ठरविलें कीं, संगनमत किंवा बुद्धिपुरस्सर गैरवर्तन नसल्यास असा हक्क बजावावयाचा नाहीं. कायद्यानें हातीं दिलेला हक्क सभ्यतेनें बाजूस ठेवला, असा हा प्रसंग आहे.

आपल्याकडे इतका खटाटोप लागत नाहीं. पहिल्या तारखेस पगारांतून रक्कम वजा झाली कीं काम भागतें. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें नुकसानीबद्दलची अशी वजावट करण्यापूर्वीं नोकरास आपलें म्हणणें मांडूं द्यावें, असें बंधन घातलें होतें. पण ज्याला उद्यां पुन्हां त्याच धन्याकडे कामास जावयाचें आहे, तो आपलें म्हणणें कितपत मांडणार?

तेव्हां मागणाऱ्याचें कर्तव्य पावती मिळाल्यानें संपत नाहीं. त्यानें मागणी लेखी करावी, आणि ती पेढीच्या मालकाकडे करावी. मागणी याच पोच्यापुरती असावी. मागील तीन वर्षांचे ओरखडे तिच्यांत मिसळूं नयेत, कारण तसें केल्यास फिर्यादी स्वतःच अपराधी होतो. आणि चालक दारू प्यालेला किंवा बेफाम नव्हता, तर ही रक्कम त्याच्या पगारांतून वजा होऊं नये, असेंही त्यांत स्पष्ट लिहावें.

पेढीच्या अंतर्गत व्यवहारांत बोलणारे तुम्ही कोण, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे: ही वजावट माझ्या मागणीमुळें होणार आहे. हें सर्व सांगूनही पेढी चालकाच्याच पगारांतून पैसे देणार, असें निश्चित कळलें, आणि पोचा आपल्या ऐपतींत बसणारा असला, तर मागणी सोडून द्यावी. सौम्य मालकानेंही गल्लींत मागणी सोडलीच होती. परंतु ती त्रास चुकविण्यासाठीं होती. हा त्याग मात्र आपण कोणाचें काय वांचवीत आहों हें जाणून केलेला असतो, आणि म्हणूनच त्यास औदार्य हें नांव शोभतें.