तासिकेबाहेरचे सर

चिमूरच्या मुलांना १९४२ हा आकडा वेगळा शिकवावा लागत नाही. १६ ऑगस्टचा उठाव, बालाजी रायपूरकर यांचं हौतात्म्य आणि त्यानंतर इंग्रज सरकारने गावावर उगवलेला सूड हे इथे घरोघर ऐकायला मिळतं. हाच आकडा एखाद्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यावर लिहून बघावा. त्यातले अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. ९४२१ वजा १२४९, उत्तर ८१७२. या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया केली की ७४४३ येतात. मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहतात. आता वर्गातल्या प्रत्येकाने आपापली चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नकोत, आणि मधे उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं, एवढंच पथ्य. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळा वर्ग ६१७४ वर येतो.

हे ज्यांना सापडलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण बी.एस्सी. पर्यंत. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिकवलं. संख्यांशी खेळणं हा त्यांचा छंद. ६१७४ चा हा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मांडला. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसं गांभीर्याने पाहिलं नाही, म्हणून बरंचसं लेखन त्यांनी स्वतःच छापलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. तोवर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कापरेकरांजवळ प्रयोगशाळा नव्हती. मुलांना शिकवायची ती बेरीज-वजाबाकी घेऊनच ते कुणी न गेलेल्या वाटेने गेले.

शिक्षकाला एखादा छंद असावा, हे निरोप समारंभाच्या भाषणात सगळेच म्हणतात. सर बासरी छान वाजवायचे, मॅडमची बाग बघण्यासारखी होती, आणि मग शाल-श्रीफळ. छंद म्हणजे जणू नोकरीला लावलेली झालर. मला हे मुळातच पटत नाही. वर्गात सरांना उत्तर आधीपासून ठाऊक असतं. मुलांनी ते गाठायचं असतं. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही, तरी तो तिच्यामागे आनंदाने लागला आहे, हे मुलांना कुठे दिसणार? सरांच्या छंदातच दिसतं. शिकणं कसं असतं हे तिथे कळतं, आणि म्हणून तो छंद शाळेची मिळकत आहे.

आपल्या भागाने असा एक शिक्षक फार पूर्वी पाहिला आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. मिशनरी म्हणून ते कशासाठी आले होते याबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण दगडांचं वेड अस्सल होतं. त्या वेडापायी ते नागपूरपासून चांद्याच्या मुलखापर्यंत जीवाश्म शोधत फिरले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. चिमूरला लागून असलेल्या वरोरा तालुक्यातलं पिजदुरा त्या काळापासून जीवाश्मांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. तिथे सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचं २००५ मध्ये सिद्ध झालं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, याचा तो पुरावा जगभर गाजला. धानाच्या बांधीत वाढलेल्या मुलाला धान हेही गवतच, हे सांगून ही गोष्ट ऐकवली, तर जीवशास्त्राचा धडा त्याच्या शेतापासून सुरू होईल.

आणि इथल्या मुलांपाशीही पुष्कळ आहे. मोहफूल पहाटे गळतं, कोणत्या झाडाचं गोड, पहिल्या पावसानंतर सात्या, म्हणजे रानातली अळंबी, कुठे निघतात, हे ज्या पोराला ठाऊक आहे, ते वर्गात मात्र मागच्या बाकावर गप्प असतं. झाडांचा नाद असलेले सर त्याला विचारतात. त्या दिवशी सर विद्यार्थी होतात आणि ते पोर पुढच्या बाकावर येतं. हरित सेना, विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ ही नावं बहुतेक शाळांच्या कागदावर असतात. ती जिवंत कुठे आहेत हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो. मंडळ ज्यांच्याकडे आहे, त्यांना स्वतःला त्या गोष्टीचा नाद आहे का? नसेल तर वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि रोप उन्हाळ्यात वाळतं.

अडचणी खऱ्या आहेत. ताडोब्याच्या कडेला पोरांना घेऊन रानात जाणं सोपं नाही. वाघाची भीती आणि परवानगीचा प्रश्न दोन्ही असतात. पण आकाश तर शाळेच्या मैदानावरूनही दिसतं. २ एप्रिल २०२२ च्या रात्री शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. अवकाशातून परतलेल्या रॉकेटचे ते अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. त्या आठवड्यात आकाशवेडे सर ज्या शाळेत असतील, तिथल्या मुलांनी कक्षा म्हणजे काय हे पाठ न करता समजून घेतलं असेल.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हटलं आहे. तरी ऑनलाइन माहिती भरण्यात, याद्या जुळवण्यात आणि अहवाल लिहिण्यात शिक्षकाचा दिवस संपतो. छंदासाठी लागते ती मोकळी संध्याकाळ आपण त्याच्याकडून काढून घेतली आहे, आणि पुन्हा त्यानेच मुलांची जिज्ञासा जागवावी असं म्हणतो. हा अन्याय आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका शिक्षकांच्या छंदाला द्याव्यात. एका वर्गात खंजिरी आणि भजन, एकात कापरेकरांच्या संख्या, एकात दगड, एकात बुद्धिबळ. कुठे बसायचं ते पोरांनी ठरवावं. त्याला गुण नकोत, प्रमाणपत्र नको आणि फोटोसह अहवाल तर मुळीच नको, कारण अहवाल मागितला की छंदाचं काम होतं. यासाठी जीआरची वाट पाहायलाही नको. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर येत्या सत्रापासून सुरू करता येईल.