निवडुंगाच्या कलाने

आज जेवणं लवकर आटपा. बाल्कनीतल्या ब्रह्मकमळाची कळी इतके दिवस देठाला बाक देऊन लोंबत होती. आज तिनं मान वर केली असेल आणि टोक फुगलं असेल, तर फूल आज रात्रीच उमलणार. मोबाइल आत ठेवा. दिवा मालवा. कुंडीजवळ सतरंजी टाका आणि पाठ भिंतीला टेकून बसा.

फुलाकडे लगेच वळू नका. आधी पान बघा. खरं तर ते पान नव्हे, चपटी झालेली फांदी आहे. म्हणून तर कळी तिच्या कडेतून फुटते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंडीतलं हे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग, तिथल्या रानात मोठ्या झाडांच्या आधारानं वाढणारा. कडेवरून हलकेच बोट फिरवा. काटा लागणार नाही.

आता कळी. बाहेरच्या निमुळत्या पाकळ्या आधी सुटतात. सुटताना मात्र दिसत नाहीत. तुम्ही टक लावून बघता, काहीच हलत नाही; क्षणभर नजर रस्त्याकडे जाते, परत येते, तर मधली फट वाढलेली असते. इथंच मन चुळबुळ करू लागतं. दूध विरजायचं राहिलंय, उद्याचा डबा आहे. येऊ द्या ते विचार, उठू मात्र नका. श्वास सावकाश घ्या. थोड्या वेळानं तुम्ही न हुंगताही वास येऊ लागेल. आत वाकून बघा: पुंकेसरांची दाटी, आणि त्यांच्या मधून पुढे आलेली, टोकाशी फाकलेली कुक्षी. शेजाऱ्यांना हाक मारा, फोटोही काढा, पण हे सगळं नंतर. पहिला अर्धा तास फुलाचा असू द्या, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ते मिटून लोंबत असेल. हळहळू नका. त्याला एवढाच वेळ हवा होता.

मग डोळे मिटा आणि याच कुळातल्या एका महाकाय निवडुंगाकडे, सवारोकडे चला. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, अशा दोन भागांत सवारो राष्ट्रीय उद्यान आहे. १९३३ मध्ये या जागेला संरक्षण मिळालं, १९९४ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. तिकडे मुलांकडे मे-जूनमध्ये जाणाऱ्या आईबाबांना कदाचित तिथं जाता येईल, आणि सवारोच्या फुलण्याचा काळही तोच. पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या, उन्हं चढायच्या आत पोहोचा. हीही फुलं रात्रीच उघडतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. मेक्सिकोकडून आलेली वटवाघळं रात्री मध पिऊन गेलेली असतात. सकाळी मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे पारवे असतात.

फुलं शेंड्याला असतात, उंच. तरी आधी पायथ्याशी उभे राहा. खोडावरच्या उभ्या चुण्या बघा. पाऊस पडला की पेटीच्या भात्यासारख्या त्या फुलतात, पाणी सरेल तशा आवळत जातात. त्यांच्याकडे बघत श्वास आत घ्या, सोडा. तुमचा एक श्वास काही क्षणांचा, त्याच्या एका श्वासाला ऋतू लागतो.

आता जवळच्या पालो व्हर्दे झाडाच्या सावलीत शोधा. सवारोचं रोप बहुधा अशाच एखाद्या झाडाच्या आडोशाला तगतं. उन्हापासून आणि थंडीपासून त्याला तिथं आसरा मिळतो. पहिल्या आठ वर्षांत ते जेमतेम एक-दीड इंच वाढतं. पहिलं फूल यायला साधारण पस्तीस वर्षं लागतात, आणि हातासारख्या फांद्या फुटायला पन्नास ते पंचाहत्तर. ज्यानं त्याला सांभाळलं ते झाड तोवर बऱ्याचदा उरलेलं नसतं. या ओळीवर थांबा, घाई नाही. तुम्हाला कोणी असं सावलीत वाढवलं, ते आठवा. नाव ओठांवर आलं तर येऊ द्या.

मग मान वर करा आणि शेंड्यावरची ती पांढरी, मेणचट फुलं बघा.

जूनच्या अखेरीस त्यांची फळं पिकतात आणि उकलली की आतला लाल गर दिसतो. तिथले मूळचे तोहोनो ओओधाम लोक वाळलेल्या सवारोच्याच लांब काठ्यांनी ती पाडतात, गर काढून घेतात आणि रिकामी साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पावसाला बोलावण्यासाठी. आपल्याकडे मृगाच्या सरींकडे डोळे लागलेले असतात, त्याच्या थोडे नंतरचे हे दिवस. तिथला पाऊस बहुधा जुलैत येतो.