संग्रह आणि असंग्रह : जुन्या मनगटी घड्याळांच्या निमित्ताने

जुनी मनगटी घड्याळे जमवणे हा परिग्रह ठरतो का, हे परिग्रह कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह शेवटचा. वस्तू का स्वीकारू नये याची पाच कारणे व्यासभाष्य देते: ती मिळवण्यात, राखण्यात आणि गमावण्यात दुःख आहे, तिचा संग जडतो आणि तिच्यापायी हिंसा घडते. जैन आचार्य उमास्वाती तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूऐवजी मनात शोधतात. त्यांच्या मते मूर्च्छा, म्हणजे वस्तूवरचे ममत्व, हाच परिग्रह.

काशीच्या दुर्गाघाटाला हा प्रश्न परका नाही. पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्यामधला हा घाट काशीतल्या जुन्या मराठी वस्तीचा भाग आहे. आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळून विनोबांनी घर सोडले आणि 1916 मध्ये ते काशीत आले, तेव्हा ते याच भागात राहून संस्कृत शिकले. तिथून ते गांधीजींकडे गेले. पुढे आश्रमाच्या एकादश व्रतांना विनोबांनी जे पद्यरूप दिले, त्यात अपरिग्रह हे पाचवे व्रत ‘असंग्रह’ या नावाने येते. गांधीजींच्या कमरेला मात्र घड्याळ असेच. दिलेली वेळ पाळणे हे सत्याचे अंग मानले, तर एक घड्याळ व्रतात बसते. प्रश्न दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या घड्याळाचा आहे.

व्यासभाष्यातले दोष घड्याळांच्या छंदात सहज ओळखता येतात. दुर्मीळ घड्याळ मिळेपर्यंत जिवाला स्वस्थता नसते आणि मिळाल्यावर चोरीची, ओलाव्याची धास्ती सुरू होते. तेल सुकते, तबकडी डागाळते, म्हणजे क्षय आलाच. हिंसेचा दोषही येथे खरा आहे. एक घड्याळ उजळवण्यासाठी दुसरी दोन चालती घड्याळे फोडली जातात. नव्याने रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकली, की सत्याचाही भंग होतो. म्हणून जाणकार संग्राहक मूळ तबकडी, काटे आणि यंत्र एकमेकांचेच आहेत ना, हे आधी पाहतो. डाग असलेली खरी तबकडी त्याला चकचकीत खोट्या तबकडीहून मोलाची वाटते. ही रसिकता सत्यनिष्ठेचाच एक प्रकार आहे.

चावीचे घड्याळ संग्रहाची मर्यादाही स्वतःच सांगते. एचएमटीने 1961 मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरुत घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांतले ‘जनता’ घरोघरी पोचले. त्याला पूर्ण चावी दिली, की ते साधारण दीड दिवस चालते. त्याचे बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे सेकंदाला 5. रोज ठरल्या वेळी चावी आणि काही वर्षांनी घड्याळजीकडून साफसफाई व तेलपाणी एवढी सेवा त्याला लागते. अशी सेवा एका माणसाकडून मोजक्याच घड्याळांची होते. तेवढ्यांचा तो सांभाळ करणारा असतो, त्यापुढच्यांचा नुसता मालक. कपाटात बंद पडून राहिलेल्या घड्याळापाशी ममत्व उरते, सेवा उरत नाही. मूर्च्छा तिथे सुरू होते.

घड्याळे जमवून काळ मात्र जमत नाही. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत काळ एकच, नित्य आणि सर्वव्यापी आहे. क्षण, घटका, दिवस हे भेद उपाधीमुळे दिसतात. व्यासभाष्य तर क्षण तेवढा खरा मानते आणि क्षणांची रांग ही बुद्धीची रचना समजते. पूर्वी मुंज-लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यावर सोडलेले तांब्याचे घटिकापात्र भरून बुडले, की 24 मिनिटांची घटका सरे. ते पात्र पुन्हा रिकामे करून सोडायला माणूस बसलेला असावा लागे. मनगटावरच्या घड्याळालाही चावी देणारा हात लागतो. दोन्ही साधने काळ साठवत नाहीत, माणसाला काळाकडे जागे ठेवतात.

म्हणून जुन्या घड्याळांचा संग्रह आपोआप परिग्रह ठरत नाही आणि आपोआप निर्दोषही ठरत नाही. जे घड्याळ खरेपणाने घेतले, चालते ठेवले आणि वेळ आल्यावर पुढच्या हाती मोकळ्या मनाने सोपवले, ते असंग्रहाच्या व्रताला बाधत नाही. ज्याला चावी द्यायला सवड नाही, ते मात्र देऊन टाकावे.