रांगेतली जागा कोणाची?



आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत आणि आईवडील सुट्टीत नातवंडांना भेटायला तिकडे जातात. त्यांपैकी काहींनी आम्हांला विचारले, "फादर, तिकडच्या करमणूक उद्यानांत जादा पैसे भरले की रांग टाळता येते. तो पास घेणे परवडते का?" प्रश्न वरवर खिशाचा आहे. पण थोडे खोलात गेले की तो न्यायाचाही निघतो.

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचेच पाहू. तिथे १९९९ साली 'फास्टपास' सुरू झाला. तो फुकट होता. आत आलेल्या कोणालाही ठरावीक वेळेची चिठ्ठी मिळे, त्या वेळी आले की थोडक्यात आत जाता येई. २०२१ मध्ये त्याच्या जागी विकतची सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलरपासून. पुढे गर्दीप्रमाणे भाव चढू लागला. २०२४ च्या अखेरीस आणखी वरचा पास निघाला. त्याची किंमत उद्यान आणि दिवस पाहून माणशी १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत ठेवली होती. चौघांच्या कुटुंबाने सर्वांत महाग दिवस निवडला तर एका दिवसाचे १,७९६ डॉलर! प्रवेशाचे तिकीट वेगळेच.

पैसे देऊन करमणूक विकत घेण्यात गैर काहीच नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली उघडले, तेव्हापासून १९८२ पर्यंत तिथे राइडनुसार कमी-अधिक किमतीची कुपने असत. ज्याच्याकडे महागडी कुपने जास्त, तो चांगल्या राइड्समध्ये जास्त वेळा बसे. पण रांगेत मात्र जो आधी आला तो पुढे. आपल्या लोकलचेही तसेच आहे. फर्स्ट क्लासवाला जादा पैसे मोजतो, त्याला बसायला गादी मिळते, धक्के जरा कमी बसतात. पण सेकंड क्लासच्या डब्याआधी तो विरारला पोहोचत नाही.

रांग टाळण्याच्या पासाचे गणित वेगळे आहे. समजा, एका राइडमध्ये तासाला एक हजार माणसे बसतात. पास विकले म्हणून पाळण्यात एकही जागा वाढत नाही. दारापाशी दोन रांगा एकत्र येतात आणि तिथला कर्मचारी पासवाल्यांना जास्त संख्येने सोडतो. हजारातल्या सातशे जागा त्यांना गेल्या, तर साध्या रांगेला उरल्या तीनशे. त्या रांगेत सहाशे माणसे असतील तर शेवटच्याला दोन तास उभे राहावे लागेल. पासवालेही एरवी रांगेत असतेच, हे खरे. पण तेव्हा सगळ्यांची वाट सारखीच लांबली असती.

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, ही रोमन कायदेपंडितांपासून चालत आलेली व्याख्या आम्ही सेमिनरीत घोकली. ती इथे लावून पाहावी. पासवाल्याची वाचलेली मिनिटे कोणाची? साध्या रांगेतल्यांची. किंमत कोणाच्या गल्ल्यात पडली? उद्यानाच्या. म्हणजे ज्याने मिनिटे गमावली त्याला दमडीही मिळाली नाही, आणि ज्याने विकली त्याचे एक मिनिटही गेले नाही. शिवाय साधी रांग जितकी कंटाळवाणी, तितका पासाला उठाव. मग ती रांग आखूड करण्याची मालकाला घाई कशाला असेल? आम्हांला या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते अगदीच फोल नाही. ज्याला वेळेची निकड अधिक, तो अधिक पैसे देतो. यात वाईट काय? मुंबईहून आयुष्यात एकदाच गेलेल्या आजीआजोबांचा दिवस रांगेत संपावा का? त्यांनी पास घेतला तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. पण निकड आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तान्हे मूल घेऊन उन्हात उभ्या असलेल्या बाईची निकड मोठी असते, पर्स लहान असते.

हा फरक साध्या माणसांना कोणी न सांगता कळतो. रेशनच्या किंवा बँकेच्या रांगेत "आईला उभे राहवत नाही हो," असे कोणी म्हटले की लोक आपणहून बाजूला होतात. "मी जास्त पैसे भरलेत," असे म्हणून पुढे जाऊन पाहा! अपंगांना पुढे सोडण्याची डिस्नेची सोयही याच समजुतीवर उभी होती. पण काही श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तीला भाड्याने सोबत नेतात, अशा बातम्या आल्या आणि २०१३ मध्ये ती पद्धत बदलावी लागली. लोकांनी मायेने मोकळी केलेली वाट बाजारात गेली आणि तिचा फटका खऱ्या गरजूंना बसला.

तेव्हा परवडते का? गर्दी नसलेल्या दिवशी पैसे वाया जातात, कारण रांगच नसते. गर्दीच्या दिवशी वेळ खरोखर वाचतो; तो कोणाचा, ते वर आले आहे. पासवाले फार झाले की त्यांचीही रांग लागते, ही आणखी एक गंमत. नातवंडे बरोबर असतील तर "ते लोक अजून तिथेच का उभे आहेत?" असे ती विचारतील. त्यांना काय सांगायचे, ते पास घेण्याआधीच ठरवून ठेवलेले बरे.

शाळा चालू असतानाचे दिवस निवडावेत आणि दार उघडायच्या आधी पोहोचावे. पहिल्या तासात रांगा आखूड असतात. काही मोजक्या राइड्सना एकेकट्या माणसांची वेगळी रांगही असते. तीनतीन, पाचपाच जणांची कुटुंबे बसली की मध्ये एखादी जागा रिकामी राहते, तिथे या रांगेतल्याला बसवतात. ती बहुधा भरभर सरकते, तिला जादा पैसे पडत नाहीत आणि ती जागा एरवी रिकामीच गेली असती. फक्त घरच्यांना शेजारीशेजारी बसता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची त्याला मुळीच हरकत नसते.