दगडाचे वय आणि आपली श्रद्धा



येत्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांचे शिबिर जिंतूरच्या बाजूला भरवायचे ठरले आहे. या वेळी प्रवचने थोडी आणि पायी हिंडणे जास्त, असा बेत आहे. नेमगिरीच्या डोंगरातील जैन लेणी, चारठाण्याची जुनी देवळे आणि बारव, पूर्णेचे पात्र आणि जमले तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. बेत कळल्यावर काही घरांतून आमच्याकडे एक काळजी आली. एका मातेने ती सरळ शब्दांत मांडली : “फादर, तिथे मुलांना सांगणार की हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे. मग घरी येऊन त्यांनी विचारले की बायबलात सहा दिवस का लिहिलेत, तर आम्ही काय सांगायचे?” प्रश्न प्रामाणिक आहे. ‘देवाला सर्व शक्य आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आधी दगडाविषयी. ज्यांनी विहीर खोदताना पाहिली आहे, त्यांचा भूगर्भशास्त्राचा निम्मा अभ्यास झालेलाच आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या. आणि कधी कधी दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो. तो थांबून पाहण्यासारखा असतो. लाव्हा वाहिला, थिजला, त्याच्यावर ऊनपावसाने झीज होऊन माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला. त्या मातीची ती खूण. म्हणजे एका थरानंतर दुसरा थर येईपर्यंत जमिनीला माती तयार करण्याइतकी उसंत मिळाली होती. असे थरावर थर साचत गेले. हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास घडले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे; सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. हा आकडा कोणी अंदाजपंचे सांगितलेला नाही. खडकातील पोटॅशियम, युरेनियम यांसारखी काही मूलद्रव्ये ठरावीक गतीने बदलत असतात. किती बदलली हे मोजून वय काढतात. आपली कपाशी आणि ज्वारी ज्या काळ्या मातीत येते, ती याच खडकाची झीज आहे.

आता सहा दिवसांविषयी. ‘खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा’ हा विहीर खोदणाऱ्याला ठाऊक असलेला नियम शास्त्राच्या भाषेत प्रथम नीट मांडला तो डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो यांनी, १६६९ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी ते कॅथलिक झाले होते. पुढे १६७५ साली ते धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. थर वाचायला शिकवणारा माणूस वेदीवर मिस्सा अर्पण करीत होता, हे मुलांना आवर्जून सांगावे.

त्याहीपूर्वी, पाचव्या शतकाच्या आरंभी, संत अगस्तीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना ख्रिस्ती लोकांना चांगलेच खडसावले होते. आकाश, पृथ्वी, प्राणी यांविषयी ज्या गोष्टी परधर्मीयही निरीक्षणाने जाणतात, त्यांविषयी बायबलचा हवाला देऊन आपण अज्ञानाचे बोललो, तर तेच लोक पुनरुत्थानाविषयी आपल्यावर विश्वास का ठेवतील, असा त्यांचा मुद्दा. आमच्या मते पालकांनी खरी भीती याचीच बाळगावी. घरी एक सांगितले आणि नववी-दहावीत शिक्षकांनी पुराव्यासह दुसरे दाखवले, की मूल दगडाविषयीची आपली समजूत तर टाकतेच, पण त्याच टोपलीत ठेवलेली प्रार्थनाही टाकते. दोन्ही एका टोपलीत आपणच ठेवलेले असते. उत्पत्तीचा पहिला अध्याय सृष्टी कोणाची आणि ती चांगली का, हे सांगतो. दगड किती जुना, हा त्याचा विषयच नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. ते प्रॉटेस्टंट होते, पण चांगल्या माणसाचे नाव घ्यायला आपल्याला अडचण नसावी. शाळा चालवणे, गावोगाव उपदेश करणे, गोंड लोकांची भाषा व चालीरीती टिपून ठेवणे, हे सर्व सांभाळून ते हातोडी घेऊन खडक पाहत हिंडत. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना झाडापानांचे आणि गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले. म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, वनस्पती होत्या. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. सकाळी उपदेश आणि दुपारी जीवाश्म, यांत त्यांना काही विसंगत वाटले नाही.

पण त्या मातेच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो अधिक अवघड आहे. दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि माणूस सत्तर-ऐंशी वर्षांचा. मग आपली सुखदु:खे, आपला बाप्तिस्मा, आपले पाप-पुण्य यांची एवढ्या पसाऱ्यात काय मातब्बरी? इथे आपली मोजण्याची सवय आड येते. मोठे ते महत्त्वाचे, जुने ते थोर, असे आपण धरून चालतो. परंतु किंमत काही वर्षांच्या आकड्यावर ठरत नाही. पाळण्यातले तान्हे आणि घरामागचा धोंडा यांत आग लागली तर कोणाला उचलायचे, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

संत थॉमस अक्विनास तर याहून पुढे गेले. जगाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो. नुसत्या बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी तेराव्या शतकातच स्पष्ट म्हटले आहे. निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडून गेलेली घटना एवढेच नव्हे. प्रत्येक वस्तू प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून असते, हा तिचा अर्थ. सूर्य आहे तोवर अंगणात उजेड असतो, तसे. मग दगडाच्या वयात आणखी दोन शून्ये वाढली तरी श्रद्धेचे काय बिघडते? तो काल घडलेला असो की कोट्यवधी वर्षांपूर्वी, टिकून आहे तो देवाच्याच आधाराने. लोणारबद्दलही असेच. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवराचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगत. दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार भरते. शास्त्रज्ञ वाद घालतात, पुन्हा मोजतात. मुलांनी तेही पाहावे. आकडा दुरुस्त करणे ही लाजेची गोष्ट नाही, हे त्यांना शाळेत फारसे कोणी सांगत नाही.

मराठवाड्यात बसून जमिनीविषयी लिहायचे आणि किल्लारी टाळायची, हे मात्र शक्य नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन. गणेश विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर आपल्यापैकीही कित्येकांच्या तोंडून ऐकू आले की कुठले तरी पाप भोवले. येशूला असाच प्रश्न घातला गेला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा विषय आहे. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का? नाही, असे प्रभूने रोखठोक सांगितले. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यत: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद अंगावर आल्याने. २०२४ साली मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोलीकडे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. भिंत कशी बांधावी हे ज्याला कळते आणि जो ते शेजाऱ्याला सांगतो, त्याचे ज्ञान आम्हाला शेजारप्रेमाच्या आज्ञेपासून वेगळे काढता येत नाही.

इतिहासाबद्दल थोडेच. आपल्या मुलांना कधी कधी ऐकावे लागते की तुमचा धर्म बाहेरचा, तुम्ही इथले कसे? खडकाच्या हिशेबाने सगळेच कालचे आलेले, असे उत्तर देता येईल. पण ते चटपटीत उत्तर झाले. चारठाण्याचे घडीव चिरे कोणी फोडले, कोणी वाहिले? या भागात विहिरी खोदणारे हात कोणाचे, आणि त्याच विहिरीला हात लावायची बंदी कोणाला होती? मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना ते ढासळून संत चोखामेळा त्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण जात्याशी जोडलेली, आणि जातेही याच काळ्या पाषाणाचे. आपल्यातील बहुतेक घराण्यांचे पूर्वज याच कष्टकऱ्यांतले. म्हणून त्या देवळांपाशी, लेण्यांपाशी आपण पाहुण्यासारखे बिचकत उभे राहण्याचे कारण नाही. चपला बाहेर काढाव्यात, तिथल्या भाविकांचा मान राखावा, आणि चिऱ्यावरची छिन्नीची खूण मुलांना बोट लावून दाखवावी.

शिबिराच्या पहिल्या सकाळी आम्ही बोलणार नाही. ज्यांनी उमेदीत विहिरींवर काम केले आहे अशा आजोबांनी एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर थर दाखवावेत, अशी आमची विनंती आहे. दोघे तयार झाले आहेत; आणखी कोणी असतील तर मिस्सानंतर भेटावे. ज्यांच्या घरी जुना पहार-सुतकी, जाते किंवा आजा-पणजाच्या बाप्तिस्म्याचा दाखला असेल, त्यांनी तो सोबत आणावा.