आधी पैसे, मग काम?

डोळे पूस आधी. रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही, आणि आज मला पुष्कळ बोलायचंय.

अकरावी-बारावी दोन वर्षं बुक-किपिंग शिकवलं मी तुला. पगार ही मालकाच्या वहीत खर्चाची बाजू, हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. मालक देतो, कामगार घेतो. आणि तू कामगार होऊन मालकाला पैसे देत बसलीस! घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना 30,000, वर 15,000 अ‍ॅडव्हान्स. मोबाइलवर एवढं वाचलंस आणि नोंदणीचे 620 रुपये पाठवून मोकळी झालीस. मग ओळखपत्राचे 1,550. मग कुरिअरचे 3,000. मग माल चेकपोस्टवर अडकला म्हणून 6,200. बेरीज तरी केलीस का? 11,370. दर वेळी तुला वाटलं, आता थांबले तर आधीचे बुडतील. अगं, आधीचे 620 पाठवलेस त्याच क्षणी बुडाले होते. पुढचे सगळे तू त्यांच्या मागे फेकलेस.

साधा हिशेब करायचा होता. दहा पेन्सिलींचा डबा दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळतो, तुझ्या लेकाच्या दप्तरात असेल. महिन्याचे 25 दिवस काम, म्हणजे रोजचे 1,200. दिवसाला दोनशे डबे भरलेस तरी एका डब्यामागे 6 रुपये मजुरी. त्यात पेन्सिली तुझ्या दारापर्यंत आणायचं भाडं आणि परत न्यायचं भाडं. लाकूड, शिसं, रंग, दुकानदाराचा नफा, हे सगळं उरलेल्यात बसवून दाखव मला. कारखान्यात तयार झालेली पेन्सिल तिथंच डब्यात भरायची सोडून कोण शहाणा तुझ्या स्वयंपाकघरात पाठवेल?

'पण मॅडम, त्यांनी कंपनीचं ओळखपत्र पाठवलं, जीएसटी नंबर पाठवला.' नंबर काय, दुसऱ्याचाही उचलता येतो. खरोखरची नोंदणी असली तरी तिचा अर्थ माणूस प्रामाणिक आहे असा होत नाही. 2011 मध्ये स्पीक एशिया या ऑनलाइन सर्व्हे कंपनीचं नाव देशभर गाजलं होतं. 11,000 रुपये भरा, आठवड्याला दोन सर्व्हे भरा, वर्षाला 52,000 मिळवा. सुरुवातीला पैसे आलेही, म्हणून तर लाखो माणसं आत शिरली. हे सर्व्हे विकत कोण घेतंय, एवढंच विचारायचं होतं. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने हात घातला तेव्हा लोक पावत्या घेऊन हिंडत होते. आता सर्व्हेच्या जागी व्हिडिओला लाइक करायचं काम आलंय. पहिले दीडशे रुपये खरोखर खात्यात पडतात, आणि त्या दीडशेच्या भरवशावर माणूस लाख रुपये 'टास्क'मध्ये भरतो.

तू फसलीस, याचा मला राग नाही. गरज असली की माणूस फसतो, आणि घरात दोन पैसे आणावेत असं वाटणं काही पाप नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. माल आला नव्हता, एक रुपया हाती पडला नव्हता, तरी तू बचत गटातल्या चार बायकांना ती लिंक पाठवलीस. त्यांनी जाहिरातीवर विश्वास ठेवला नाही, तुझ्यावर ठेवला. त्यांचे 2,480 रुपये तुझ्या शब्दावर गेलेत.

आणि आता म्हणतेस, तोच माणूस भरपाई म्हणून नवं काम देतोय! खात्यावर पैसे येतील, ते पुढे पाठवायचे, त्यातले दोन टक्के तुझे. ऐक नीट. ते पैसे तुझ्यासारख्याच कुणाचे तरी चोरलेले असणार. चोर स्वतःचं खातं वापरत नाही, तुझं वापरतो. तक्रार झाली की बँक खातं गोठवते आणि पोलीस पासबुकावरच्या नावाकडे येतात, म्हणजे तुझ्याकडे. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, ओटीपी यातलं काही दिलंयस का त्याला? खरं सांग. नाही ना? मग आत्ता माझ्यासमोर त्याला ब्लॉक कर. थांब, चॅट पुसू नकोस! तोच पुरावा आहे. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, त्याचा नंबर आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो वहीत लिहून घे. मग ब्लॉक.

नवऱ्याला कळेल म्हणून आठ दिवस गप्प बसलीस. हे आठ दिवस फार महाग पडतील. पहिल्या तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन गेला असता, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते. आता मिळतील असं मी तुला खोटं सांगणार नाही. तरी तक्रार करायचीच, कारण तो यूपीआय आयडी आजही कुणाकडून तरी 620 रुपये घेत असेल.

संध्याकाळी गटाच्या बैठकीला मी येते तुझ्याबरोबर. पण बोलायचं तू. आता घे तो फोन, 1930 लाव. व्यवहार क्रमांक मी वाचून दाखवते.